सहा नंबरचं डबकं

एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ.

किनारा केंद्राच्या भिंतीवरचा तक्ता मी तीनदा वाचला. तिन्ही वेळा पाचानंतर सातच आला. सहा नंबरचं डबकं आमचं होतं, माझं आणि ठिपकीचं, आणि ते तक्त्यात नव्हतं.

"बाई, आमचं डबकं राहिलं वाटतं," मी होता होईल तेवढ्या सहज आवाजात म्हटलं.

केंद्राच्या बाई बरण्या विसळत होत्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, उन्हाने रंग उडालेली टोपी आणि आवाज असा, की समुद्रानेही जरा हळू बोलावं. त्या दिवशी मात्र मान वर न करताच म्हणाल्या, "जागा पुरली नाही."

तक्त्याखाली वीतभर कोरा कागद होता. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

ठिपकी माझी मुलगी, साडेचार वर्षांची. नवऱ्याची बदली झाली, आम्ही या गावात आलो आणि घराचा उंबरठा ओलांडला की हिचं तोंड बंद व्हायला लागलं. घरात पोपट, बाहेर दगड. असे सात महिने गेले. शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिला ऐकू येतं ना नक्की?" डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, बोलताही येतं, फक्त घाई करू नका, तिला आवडेल असं काहीतरी शोधा. मी चित्रांचा वर्ग शोधला, पोहायचा शोधला, मातीकामाचासुद्धा. सगळीकडे ती खांबासारखी उभी राहिली. मग शाळेतल्या जुळ्या भावंडांच्या आईकडून कळलं, की बंधाऱ्याला लागून दोन खोल्यांचं एक केंद्र आहे आणि तिथल्या बाई दर शनिवारी आया-मुलांना ओहोटीला खडकांवर नेतात.

तिथली रीत अशी. खडकांत पाणी साचून झालेली आठ डबकी, प्रत्येकाशेजारी पिवळ्या रंगात आकडा. प्रत्येक कुटुंबाला एक डबकं. दर शनिवारी त्यातल्या काळ्या गोगलगायी आणि खेकडे मोजायचे आणि केंद्रातल्या वहीत आकडा लिहायचा. समुद्राला शनिवार कळत नसल्यामुळे वेळ दर आठवड्याला वेगळी, कधी सकाळी सातला, कधी भर दुपारी. बाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकले. "डबक्यातलं काही घरी न्यायचं नाही. घरचं काही डबक्यात टाकायचं नाही. आणि एका डबक्यातला जीव उचलून दुसऱ्यात सोडायचा नाही. दया आली तरी नाही. मोजणी खोटी होते."

घरचं म्हणजे बिस्किटं, असं मी धरून चालले.

त्या पहिल्या दिवशी ठिपकी सहा नंबरजवळ उकिडवी बसली. डबकं आमच्या न्हाणीघरातल्या टबाएवढं, तळाशी गुलाबी शेवाळ, कडेला मनुक्यांएवढ्या गोगलगायी. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग बोट पुढे करून म्हणाली, "एक." आणि मग, "दोन." खणखणीत आवाजात. शेजारच्या डबक्याजवळ उभ्या असलेल्या केंद्राच्या बाईंनाही ऐकू गेलं. एकेचाळीसपर्यंत गेली, मध्ये एकोणतीस विसरून. एक गोगलगाय पळायला लागली तेव्हा कळलं, की शंख गोगलगाईचा असला तरी आत खेकडा आहे. बाईंनी सांगितलं, "याला स्वतःचं कवच पुरेसं नसतं. दुसऱ्याचं रिकामं घर शोधून राहतो. वाढला की घर बदलतो."

"भाडेकरू," ठिपकी म्हणाली. आमचे घरमालक दर रविवारी नळ बघायच्या निमित्ताने येतात, तिथून तिने तो शब्द उचलला असावा.

बाई हसल्या. मी तोंड समुद्राकडे वळवलं, कारण माझे डोळे भरले होते आणि जुळ्यांच्या आईला सगळं दिसतं.

म्हणून म्हणते, ते डबकं म्हणजे नुसतं डबकं नव्हतं. माझ्या मुलीचा आवाज घराबाहेर पहिल्यांदा तिथेच निघाला होता.

आणि ते डबकं मरायला लागलं. पहिल्या शनिवारी एकेचाळीस. दुसऱ्या शनिवारी तेवीस. तिसऱ्याला अठ्ठावीस, म्हटलं चला सावरतंय, तर चौथ्याला नऊ. भाडेकरू तर एकही नाही. पाचव्याला अकरा. सहाव्याला दोन, आणि तळाशी रिकामे शंख पसरलेले. ठिपकी "एक, दोन" म्हणाली आणि थांबली. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "बाकीचे कुठे गेले?" घराबाहेर ती कुजबुजायला लागली, की मला धडकी भरते. गप्प होण्याच्या आधीची पायरी ती.

शेजारच्या पाच आणि सात नंबरमध्ये मात्र सगळं जागच्या जागी. मी मुद्दाम मोजून आले.

मी बाईंना विचारलं, "वरच्या डबक्यांत पाणी कुठून येतं?"

"समुद्रातूनच. पण रोजची भरती इथवर चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हाच ही डबकी धुऊन निघतात आणि नवे जीव आत येतात. मधल्या दिवसांत जे आत आहे, ते आतच राहतं."

हे सांगताना त्या माझ्याकडे जरा जास्तच रोखून बघत होत्या.

म्हणजे जे येतंय ते समुद्राकडून नाही, जमिनीकडून येतंय, असा हिशेब मी केला. सहा नंबरच्या वर, बंधाऱ्याच्या भिंतीत, एक गंजका पाइप होता. पलीकडे मासळीचं शीतगृह. आणि केंद्रातल्या सगळ्या निळ्या बादल्यांवर त्याच शीतगृहाचा शिक्का. मी बादली उलटी करून बघितली, बुडालाही होता. भेट मिळालेल्या बादल्या. जो बादल्या देतो, त्याच्या पाइपाबद्दल कोण बोलणार? आणि वहीत बघते तर काय, माझ्या सगळ्या आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल. दुसऱ्या कुणाच्याच नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तुला घरमालकाच्या पाण्याच्या टाकीवरही संशय होता."

"टाकीत पाल निघाली होती."

"हो. पण रबराची."

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, तू डोळ्यांत तेल घालून बसतेस ते ठीक आहे. पण तेल जास्त झालं की समोरचं धूसर दिसतं."

त्या अशा बोलतात. पण ठिपकी पाच महिन्यांची असताना तिच्या पायावरचा एक साधा फोड चिघळला आणि नऊ दिवस दवाखान्यात काढावे लागले, तेव्हा रात्रंदिवस मीच बसले होते. तेव्हापासून माझी पिशवी तयार असते. सासूबाई तिला फिरता दवाखाना म्हणतात. पट्ट्या, मलम, कापूस, दोन टॉवेल, उकळलेलं पाणी, जंतुनाशकाची बाटली. केंद्रातल्या जाळ्या एकाच बादलीतल्या, सगळ्या मुलांच्या हाताळलेल्या. मी आमची जाळी आधी औषधाच्या पाण्याच्या डब्यात बुडवून काढायचे आणि मगच ठिपकीच्या हातात द्यायचे. निघताना तिचे हातपाय त्याच पाण्याने धुवायचे, डबा तिथेच रिकामा करायचा. बाकीच्या आया हसायच्या. हसेनात का.

बुधवारी ठिपकीला शाळेतून आणताना मी मुद्दाम बंधाऱ्यावरून आले. खाली खडकांवर बाई एकट्याच होत्या. सहा नंबरवर ओणव्या होऊन त्यांनी बाटली भरली, इकडेतिकडे बघितलं आणि बाटली जाकिटाच्या आत लपवली. आत! मी ठिपकीला घेऊन कठड्यामागे खाली बसले. "आई, आपण लपलोय?" ती कुजबुजली. मी म्हटलं, "नाही, बुटाची नाडी बांधतेय." माझ्या पायात चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुरंब्याची बरणी दहा मिनिटं उकळली आणि सहा नंबरचं पाणी भरून आणलं. माझे धाकटे दीर शेजारच्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांच्याकडे बरणी दिली. "भाऊजी, कुणाला सांगू नका. मोठं प्रकरण आहे."

"वहिनी, बरणीवर मुरंबा लिहिलंय."

"तेच बरं आहे."

तपासणीला आठ दिवस लागतील म्हणाले. मला आठ दिवस कुठून धीर निघायला? मी आयांच्या ग्रुपवर लिहिलं. शब्द तोलून लिहिलं, असं मला तेव्हा वाटलं. सहा नंबरचं डबकं मेलं आहे. वर शीतगृहाचा पाइप आहे. केंद्राच्या तक्त्यातून आकडे गाळले जात आहेत. प्रत्येकीने आपापला विचार करावा.

जुळ्यांच्या आईने लगेच लिहिलं, "बाई गं! आमच्या दोघांना तिथे शिंका आल्या होत्या!" दुसरीला मुलाच्या नखांचा रंग वेगळा वाटायला लागला. तिसरी म्हणाली, तिला त्या बाई पहिल्यापासूनच पटल्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत पाच जणींनी नावं काढून घेतली.

शनिवारी आम्ही गेलो, तर केंद्राच्या दाराला कुलूप आणि कागद. 'शनिवारचा वर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद.' ठिपकीला वाचता येत नाही, पण कुलूप कळतं. ती जाळी धरून उभी राहिली. मी म्हटलं, आपण नुसते बघून येऊ. तिने मान हलवली. परत येताना औषधांच्या दुकानदाराने विचारलं, "काय गं, आज खेकडे नाही का?" मागच्या आठवड्यात याच माणसाला तिने भाडेकरूंबद्दल सगळं सांगितलं होतं, दुकानात उभं राहून. आज माझ्या मागे लपली. सोमवारी शाळेच्या बाईंनी वहीत शेरा लिहिला, 'पुन्हा बोलत नाही.'

पुढच्या रविवारी भाऊजी जेवायला आले. ताटावर बसेपर्यंत हसू दाबत होते. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या समुद्राने फरशी पुसलीय का?"

"म्हणजे?"

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "शीतगृहाचं पाणी असतं तर मासळीचं तेल, रक्त, बर्फ करायचं रसायन, काहीतरी सापडलं असतं. यात तसलं काहीच नाही. यात आहे जंतुनाशक. घरात वापरतात तेच, फेस येणारं. एवढ्याशा पाण्यात एवढं म्हणजे फारच. गोगलगायी काय, मी पडलो तरी स्वच्छ होऊन मरेन."

नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. सासूबाई उठल्या, दारामागच्या खुंटीवरून माझी पिशवी काढली आणि जंतुनाशकाची बाटली ताटाशेजारी ठेवली. भाऊजींनी लेबल वाचलं, कागद वाचला आणि त्यांचं हसू गेलं.

"काखेत कळसा," सासूबाई म्हणाल्या. पुढचं बोलल्या नाहीत. कधी नव्हे ते बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

मी मनात शनिवार मोजले. उधाण आलं की डबकं धुऊन निघायचं, काही जीव परत यायचे. तेवीसचे अठ्ठावीस, नवाचे अकरा. मग मी जाळी बुडवायची, डबा ओतायची. उधाण यायचं, मी यायची. सहा आठवडे मी माझ्या मुलीच्या डबक्याला औषध पाजत होते आणि चोर पाइपात शोधत होते.

सांगितलंच नाही तर? हा विचार आला, खोटं कशाला बोलू. शीतगृह काही मला विचारायला येणार नव्हतं. आकडे आपोआप सुधारले असते. पण वर्ग बंद होता तो माझ्या चार ओळींमुळे, आणि त्या चार ओळी माझ्याशिवाय दुसरं कोणी मागे घेऊ शकत नव्हतं.

सोमवारी मी केंद्रात गेले. ठिपकी शाळेत होती. बाई टेबलावर रिकाम्या शंखांचा ढीग घालून बसल्या होत्या. मी कागद आणि बाटली समोर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाइप, बादल्या, कठड्यामागे लपणं, सगळं.

बाईंनी आधी कागद वाचला, मग बाटली उघडून वास घेतला.

"मीही पाणी नेलं होतं तपासायला."

"माहीत आहे. जाकिटात लपवलंत."

"लपवलं? अहो, झाकण गळत होतं. छातीशी उभी धरली होती." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझा अहवाल अजून यायचाय. पण खरं सांगू का, मला पाण्याचा संशयच नव्हता. तुमचा होता."

"माझा?"

"तुमचे आकडे एकदम खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. शेजारची डबकी ठणठणीत. मला वाटलं, तुम्ही मोजतच नाही. मुलीच्या मागे धावता आणि बसल्या जागी काहीतरी ठोकून देता. म्हणून गोल केले. म्हणून तक्त्यातून काढलं."

आता मी गुन्हेगार म्हणून उभी होते, मान्य. तरी माझं डोकं सणकलं. "मी? न मोजता? बाई, मी प्रत्येक गोगलगाय तीनदा मोजलीय. ठिपकी एकदा, मी दोनदा!"

"ते आत्ता कळलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मारल्यात, पण मोजल्यात अगदी बरोबर."

त्या हसल्या नाहीत, मीही नाही. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि पेन दिलं. सहा आकड्यांसमोरच्या शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, की काय पडलं, किती पडलं, कोणी टाकलं. त्यांनी पेन्सिलीचे गोल खोडरबराने पुसले. मग तिथेच उभं राहून मी ग्रुपवरही लिहिलं. या वेळी शब्द तोलले नाहीत. जुळ्यांच्या आईचं उत्तर आलं, "म्हणजे त्या शिंका तुझ्यामुळे?" एकीने ग्रुप सोडला. तिसरीने लिहिलं, तिला मी पहिल्यापासूनच पटले नव्हते.

वर्ग सुरू झाला. आठांतली पाचच कुटुंबं आली. बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर बाई उभ्या, सगळ्यांसमोर हात पुढे. "पिशवी." मी उघडून दाखवली. पाण्याच्या बाटलीचंही झाकण काढून त्यांनी वास घेतला. दर शनिवारी घेतात. घ्यावा.

पण सहा नंबर रिकामं होतं. बाई म्हणाल्या, "तीन नंबर मोकळं आहे, तिथे जा. भरपूर भाडेकरू आहेत." ठिपकीने मान हलवली आणि सहावरच बसली. मोजायला काही नाही, म्हणून बोलायलाही काही नाही. मी शून्य लिहिलं. पुढच्या शनिवारी शून्य. मधलं उधाण येऊन गेलं, तरी त्यानंतरच्या शनिवारीही शून्य. घरी येताना तिने माझं बोट घट्ट धरलेलं असायचं आणि मला प्रत्येक पावलाला वाटायचं, की हे मी केलं.

पाचव्या शनिवारी ओहोटी सकाळीच होती. आम्ही पोचलो तेव्हा बाई आधीच खडकांवर होत्या. पिशवी बघितली, वास घेतला. ठिपकी पुढे गेली, गुडघ्यांवर बसली, नाक पाण्याला लागेल इतकी वाकली.

"एक," ती म्हणाली.

मी धावले. खरंच एक. मनुक्याएवढी, काळी, गुलाबी शेवाळावर तोंड फिरवत चाललेली.

"एक!" ठिपकी ओरडली, पाच नंबरच्या मुलाकडे बघून, जुळ्यांकडे बघून, सगळ्या किनाऱ्याला सांगत. "आमच्याकडे एक आली! मी बघितली!"

उधाण तीन दिवसांपूर्वीच होऊन गेलं होतं. येऊ शकते. समुद्र आणून टाकू शकतो. पण माझी नजर काही केल्या गप्प बसत नाही. बाईंची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. सकाळी सकाळी, अजून एकाही डबक्यात कुणी हात घातला नसताना.

केंद्रात वही उघडली. मी आकडा लिहिला. बाई मागे उभ्या होत्या.

"शेरा?" त्यांनी विचारलं.

"काय लिहू?"

"बघितलं असेल ते."

मी त्यांच्या बाहीकडे बघितलं. त्यांनी मी बघितल्याचं बघितलं आणि बाही दुमडून वर घेतली. बाहेर ठिपकी दुकानदाराला शोभेल अशा आवाजात जुळ्यांना सांगत होती, की गोगलगाईला हात लावायचा असेल तर आधी हात समुद्राच्या पाण्याने धुवायचा, घरच्या नाही.

मी शेऱ्यात लिहिलं, 'ठिपकीने मोजली. मोठ्याने.' आणि वही मिटली.